लाईट जाऊन आली की रेकॉर्डिंग बंद: जुन्या कॉम्प्युटरवर घरचे कॅमेरे चालवताना वारंवार येणारी अडचण

अडचण अशी. घरातला जुना डेस्कटॉप कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डिंगला लावलाय. आठ-पंधरा दिवस छान चालतो. मग एका सकाळी बघावं तर रात्रीचं रेकॉर्डिंगच नाही. कधी डब्बा बंद पडलेला असतो. कधी पंखा फिरतोय, दिवा लागलाय, पण नोंद काहीच नाही. आणि एकदा तर डोळ्यांनी पाहिलेलं दीड दिवसाचं रेकॉर्डिंग तासाभरात गायब झालं. बटण दाबून पुन्हा चालू केलं की सगळं सुरळीत, पुढच्या वेळेपर्यंत.

तुमच्याकडे असंच होत असेल तर कॅमेरा, केबल, हार्डडिस्क यातलं काहीही बदलण्याआधी हे वाचा. माझे यात चार महिने गेले. नवी केबल झाली, नवी डिस्क झाली, एक कॅमेरा दुकानात दोनदा जाऊन आला. दोष निघाला मदरबोर्डवरच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य पाटीवरच्या, चाळीस रुपयांच्या सेलमध्ये.

आमचं गाव सेलू तालुक्यात, परभणी जिल्हा. घरी अण्णा आणि माय दोघंच, मी नोकरीला छत्रपती संभाजीनगरला. दिवाळीनंतर कापूस घरात येतो आणि भाव बरा मिळेपर्यंत पुढच्या खोलीत छतापर्यंत भरून राहतो. वर्षाची कमाई त्या खोलीत असते. शेजारच्या शिवारात विहिरीवरच्या मोटारी आणि केबली चोरीला गेल्या, तेव्हा मायनं फोनवर म्हटलं, "रात्री कुत्रं भुंकलं की झोप लागंना गेलीय." त्याच महिन्यात चार कॅमेरे लावले: अंगणात एक, कापसाच्या खोलीच्या दारावर एक, मागच्या गल्लीकडे एक आणि गोठ्यावर एक. रेकॉर्डिंगसाठी नवा एनव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारं तयार यंत्र) घ्यायच्या ऐवजी २०१० मध्ये घेतलेला माझा कोअर टू ड्युओ प्रोसेसरचा डेस्कटॉप कामाला लावला. विंडोज एका लहान एसएसडीवर, आणि रेकॉर्डिंगला वेगळी १ टीबीची डिस्क. मॉनिटर, कीबोर्ड काहीच जोडलेलं नाही, नुसता डब्बा.

एवढा जुना डब्बा हे काम करू शकतो का, असं बरेच जण विचारतात. करतो, पण एका अटीवर. कॅमेरा चित्र आधीच एच.२६४ किंवा एच.२६५ मध्ये आवळून पाठवतो. सॉफ्टवेअरला ते आहे तसं डिस्कवर उतरवायला सांगा. त्याला डायरेक्ट किंवा कॉपी रेकॉर्डिंग म्हणतात. मग प्रोसेसरला फारसं काम राहत नाही. मात्र प्रत्येक चित्र उलगडून त्यात हालचाल शोधायला लावलं की चार कॅमेऱ्यांवर हे जुनं मशीन धापा टाकतं, त्यातून एच.२६५ असेल तर विचारूच नका. मी चोवीस तास सलग नोंद ठेवतो आणि हालचाल ओळखायचं काम कॅमेऱ्यावरच सोपवलंय.

डिस्कचा हिशेब एकदा कागदावर मांडून ठेवा, पुढे तो उपयोगी पडतो. एक कॅमेरा २ एमबीपीएसवर (सेकंदाला २ मेगाबिट) लावला तर दिवसाला साधारण २१.६ जीबी होतात. चार कॅमेऱ्यांचे ८६ जीबी. म्हणजे १ टीबीमध्ये अकरा दिवस. मी दहा दिवसांनंतरचं आपोआप पुसायला लावलं होतं.

आधी खंड कधी पडतो ते लिहा

पहिले दोन महिने मी फोनवरूनच अंदाज बांधत होतो. अण्णा म्हणायचे, "लाईट आली, पण डब्बा चालू होईना गेलाय." मी म्हणायचो, बटण दाबा. ते दाबायचे. कधी चालू व्हायचं, कधी नुसताच पंखा फिरायचा. मला वाटलं एसएमपीएस, म्हणजे डब्ब्यातला वीजपुरवठ्याचा भाग, म्हातारा झाला. मग वाटलं डिस्क गेली. डिस्क स्वतःच्या तब्येतीचे ठेवते ते 'स्मार्ट' आकडे बघितले तर सगळे स्वच्छ, तरी मनातली शंका जाईना म्हणून नवी घेतली. पुढच्याच आठवड्यात पुन्हा तेच.

वाट सापडली ती अण्णांच्या कॅलेंडरमुळे. मोटार चालू-बंद करायची म्हणून ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेच्या चौकटीत पेन्सिलीनं लाईट गेल्याची आणि आल्याची वेळ लिहितात. "गे. ८.४०, आ. ११." अशा बारीक नोंदी, वर्षानुवर्षांची सवय. एका रविवारी गावी बसून मी रेकॉर्डिंगमधले खंड एका कागदावर उतरवले आणि कॅलेंडर शेजारी ठेवलं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल-पॉवर ४१' नावाची नोंद असते. मशीन नीट बंद न होता वीज तुटून बंद पडलं की पुढच्या वेळी चालू होताना ती पडते. तीही मिळवून पाहिली.

दोन महिन्यांत लाईट सोळा वेळा गेली होती. अकरा वेळा काहीच झालं नाही. पाच वेळा गोंधळ झाला. त्या पाचही वेळा डीपी (गावचा ट्रान्सफॉर्मर) जळालेली किंवा तार तुटलेली, आणि लाईट सहा तासांपेक्षा जास्त वेळ नव्हती. कमी वेळ गेली तेव्हा इन्व्हर्टरनं निभावून नेलं. आमची बॅटरी १५० एएचची, १२ व्होल्टची. कागदावर १८०० वॅट-तास दिसतात, पण प्रत्यक्षात त्यातले साठ-पासष्ट टक्केच हाताला लागतात. दोन पंखे, दिवे, डब्बा, राउटर आणि कॅमेरे यांना ती पाच-सहा तास पुरते. त्यानंतर मशीनला भिंतीतून काहीच मिळत नाही.

आणि खरी गोष्ट इथेच आहे. डेस्कटॉप बंद असला तरी प्लगमध्ये वीज असेपर्यंत एसएमपीएस मदरबोर्डला थोडी वीज देत राहतो. त्याला ५ व्होल्ट स्टँडबाय म्हणतात. आतलं घड्याळ आणि बायोसची (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या, बोर्डावरच्या मूळ प्रोग्रॅमची) सेटिंग त्या विजेवर टिकून राहतात. ती वीज पूर्ण गेली की भार येतो गोल चपट्या सेलवर, सीआर२०३२. सेल दमलेला असेल तर एरवी तुम्हाला कळतही नाही, कारण त्याच्यावर काम पडतच नाही. लांबलेली लाईट हीच त्याची परीक्षा. शहरात जिथे लाईट क्वचित जाते तिथे मेलेल्या सेलवर मशीन वर्षानुवर्षं चालतं. आपल्याकडे ते चालत नाही.

एका सेलची तीन वेगवेगळी लक्षणं

मी फसलो कारण दर वेळी लक्षण वेगळं होतं. तुमची फसगत होऊ नये म्हणून तिन्ही सांगतो.

पहिलं, लाईट आली तरी डब्बा बंद. बायोसमध्ये एक सेटिंग असतं: वीज जाऊन आली तर काय करायचं. नाव कंपनीगणिक बदलतं. कुठे 'रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस', कुठे 'आफ्टर पॉवर फेल्युअर', कुठे 'एसी बॅक'. कॅमेऱ्याच्या मशीनला ते 'पॉवर ऑन' लागतं. मी सुरुवातीलाच तसं केलं होतं, म्हणून या बाजूला माझं लक्षच गेलं नाही. पण सेल उतरला की बायोस सगळं विसरून कारखान्याच्या सेटिंगवर जातं, आणि बहुतेक ठिकाणी कारखान्याचं सेटिंग असतं 'पॉवर ऑफ'. मशीन बिघडलेलं नव्हतं. त्याला बंद राहायला सांगितलं गेलं होतं आणि ते ऐकत होतं.

दुसरं, पंखा फिरतो पण रेकॉर्डिंग नाही. बायोसला आपली सेटिंग पुसलेली दिसली की ते पडद्यावर 'सीमॉस चेकसम एरर' असं काहीतरी दाखवतं आणि पुढे जायला एफ१ दाबायला सांगतं. आपल्या डब्ब्याला ना पडदा ना कीबोर्ड. तो तिथेच थांबून राहतो, तासन् तास. अण्णा बटण दाबून दाबून थकायचे. बायोसमध्ये 'हॉल्ट ऑन' नावाचं सेटिंग असतं, ते 'नो एरर्स' केलं की मशीन थांबत नाही, असं मला एकानं सुचवलं. करा, चांगलंच आहे. पण लक्षात घ्या, ते सेटिंगही त्याच सेलवर जगतं. सेल गेला की तेही जातं.

तिसरं लक्षण सगळ्यात वाईट, कारण त्यात सगळं ठीक दिसतं. एका खेपेला पुतण्या घरी होता. त्यानं टीव्हीची केबल डब्ब्याला लावली, कीबोर्ड जोडला, एफ१ दाबला. विंडोज सुरू झालं, कॅमेरे दिसायला लागले. अण्णांनी फोन करून सांगितलं, "झालं बघ चालू." मला इथून मात्र जोडता येईना. मला वाटलं नेटचं काही असेल, म्हणून शनिवारपर्यंत थांबलो.

शनिवारी गेलो तर पडद्याच्या कोपऱ्यात तारीख होती जानेवारी २०१० च्या सुरुवातीची. सेल उतरल्यावर घड्याळही कारखान्याच्या तारखेवर गेलं होतं. माझं सॉफ्टवेअर तारखेच्या नावानं फोल्डर करतं. यादी 'नवं वर' अशी लावलेली, त्यामुळे २०१० ची दोन फोल्डरं तळाशी जाऊन पडली होती. वरची पाच-सात फोल्डरं बघून मला वाटलं की नोंदच झाली नाही. खाली सरकवल्यावर ती सापडली. सॉफ्टवेअरच्या लेखी आदली सगळी फोल्डरं 'भविष्यातली' होती, त्यामुळे जुनं काहीच पुसलं गेलं नाही, आणि दीड दिवसात डिस्क तोंडोतोंड भरून नोंद थांबली. मी घाईत तारीख बरोबर केली. झालं! सॉफ्टवेअरनं हिशेब केला की २०१० चं म्हणजे दहा दिवसांपेक्षा जुनं, आणि पुढच्या सफाईत ती दोन्ही फोल्डरं पुसून टाकली. त्या दीड दिवसात गोठ्याकडे कुणीतरी येऊन गेल्याचं माय सांगत होती. ते बघायचं राहूनच गेलं. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून हे नीट लक्षात ठेवा: तारीख चुकलेली दिसली तर आधी सॉफ्टवेअर बंद करा. चुकीच्या तारखेची फोल्डरं दुसरीकडे हलवा किंवा पेनड्राइव्हवर घ्या. मगच घड्याळाला हात लावा.

नेट असताना विंडोजनं घड्याळ आपोआप का लावलं नाही, हा प्रश्न मलाही पडला होता. घरच्या साध्या मशीनवर विंडोजची वेळ-सेवा पंधरा तासांपेक्षा जास्त फरक स्वतःहून दुरुस्त करत नाही, तसं तिचं मूळ सेटिंगच आहे. शिवाय तारीख इतकी मागे गेली की सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रं त्या मशीनला 'अजून लागूच झालेली नाहीत' अशी वाटतात आणि जोडणी नाकारली जाते. मला संभाजीनगरहून जोडता येत नव्हतं ते याच कारणानं. इंटरनेट व्यवस्थित होतं.

सेल बदलताना

डब्ब्याचा प्लग भिंतीतून काढा. नुसतं बटण बंद करून चालणार नाही. मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, आत उरलेली वीज निघून जाते. बाजूचं पत्र्याचं झाकण उघडल्यावर डब्ब्याच्या धातूला हात लावून घ्या. सेल चटकन दिसतो, रुपयाच्या नाण्यासारखा. काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. सहसा अधिक चिन्हाची, अक्षरं असलेली बाजू वर असते. कडेची छोटी पट्टी नखानं हळूच बाजूला सारली की सेल उसळून वर येतो. स्क्रू ड्रायव्हर घुसवू नका. जुन्या बोर्डावर पट्टी तुटली तर काम वाढतं.

मल्टिमीटर असेल तर काढलेला सेल मोजा. नवा सेल ३ व्होल्टच्या थोडा वर दाखवतो. माझा २.१ दाखवत होता. अडीचच्या खाली असेल तर विचार न करता बदला.

इथे मी आणखी पंधरा दिवस घालवले, तेही सांगतो. दुकानात घाईगर्दीत मागितला, त्यांनी दिला, मी बसवला. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच रडगाणं. उघडून सेलवरची अक्षरं उजेडात धरून वाचली, तर सीआर२०२५. दोन्ही सेल २० मिलिमीटर रुंद, दोन्ही ३ व्होल्टचे, दिसायला सारखेच. पण या आकड्यातले शेवटचे दोन अंक जाडी सांगतात: २०३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर, २०२५ म्हणजे अडीच. ०.७ मिलिमीटरचा फरक, पण त्या फरकानं सेल खोबणीत सैल बसला आणि पट्टीला नीट टेकेना. घेताना आकडा वाचूनच घ्या. जुना सेल घरात कुठेही टाकू नका. लहान मुलांनी गिळला तर अन्ननलिका जळते, जीवावर बेतू शकतं.

सेल बसवल्यावर बायोसमध्ये जाऊन तारीख आणि वेळ लावा. वीज आल्यावर 'पॉवर ऑन' ठेवा, 'लास्ट स्टेट' नको. कारण यूपीएसनं बॅटरी संपत आल्यावर मशीन रीतसर बंद केलं असेल, तर शेवटची अवस्था 'बंद' अशी नोंदली जाते आणि लाईट आल्यावर ते बंदच राहतं. आणखी एक सोय बहुतेक बोर्डांवर असते, ठरलेल्या वेळी आपोआप चालू होण्याची, 'रिझ्युम बाय अलार्म' किंवा तसंच काही नाव. ती रोज पहाटे सहाला लावून ठेवा. काही कारणानं डब्बा रात्री बंद राहिलाच, तर निदान दिवस वाया जात नाही.

आता तपासणी. बरेच जण प्लग काढतात, मिनिटभर थांबतात, पुन्हा लावतात आणि खूश होतात. दमलेला सेलही मिनिटभर तग धरतो. प्लग काढून रात्रभर ठेवा. सकाळी प्लग लावा आणि बटणाला हात न लावता लांब उभे राहा. डब्बा आपोआप सुरू झाला, तारीख बरोबर असली आणि कुणी लॉगिन न करता रेकॉर्डिंग चालू झालं, तरच झालं म्हणा.

शेवटची अट महत्त्वाची आहे. विंडोज पासवर्ड मागत उभं राहिलं आणि सॉफ्टवेअर लॉगिननंतर सुरू होणारं असलं, तर काहीच उपयोग नाही. ते सर्व्हिस (लॉगिनविना मागे चालणारा प्रोग्रॅम) म्हणून बसवा, किंवा टास्क शेड्युलरमध्ये मशीन सुरू होताच चालेल असं लावा. झोपेची सगळी सेटिंग 'कधीच नाही' करा.

सेल ठीक असूनही खंड पडत असेल तर

डब्बा चालू, तारीख बरोबर, पण लाईट आल्यावर एखादाच कॅमेरा काळा, आणि दर वेळी वेगळा, असं असेल तर पत्ते बदललेत. राउटर प्रत्येक कॅमेऱ्याला आयपी पत्ता वाटतो. लाईट आली की सगळे एकदम जागे होतात, आणि कालचा २१ क्रमांक आज दुसऱ्याला मिळू शकतो. सॉफ्टवेअर जुन्याच पत्त्यावर हाका मारत बसतं. राउटरमध्ये 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' असतं, तिथे प्रत्येक कॅमेऱ्याच्या मॅक क्रमांकापुढे (त्या यंत्राचा ओळख क्रमांक) कायमचा पत्ता लिहून टाका. आमच्याकडे १९२.१६८.१.२१ ते २४. हे पत्ते मी मार्करनं डब्ब्यावरच लिहून ठेवलेत.

लाईट गेली त्या क्षणाचीच फाइल उघडत नसेल, तर ती एमपी४ आहे का बघा. साध्या एमपी४ मध्ये फाइलची अनुक्रमणिका शेवटी लिहिली जाते. मध्येच वीज गेली की ती लिहायची राहते, आणि आत चित्र असूनही प्लेअर 'फाइल खराब' म्हणतो. तासाभराच्या फाइली करत असाल तर तासभर गेला. एमकेव्ही निवडा, ती मध्येच तुटली तरी उघडते, आणि फाइल पाच-दहा मिनिटांची ठेवा. चोर लाईट गेल्याचा फायदा घेतो, म्हणजे आपल्याला हवी असलेली मिनिटं नेमकी तीच असतात.

लाईट जाऊन इन्व्हर्टरवर येण्याच्या क्षणी डब्बा रिस्टार्ट होत असेल तर इन्व्हर्टरच्या मागचा खटका बघा. बऱ्याच इन्व्हर्टरवर यूपीएस आणि नॉर्मल असे दोन मोड असतात. नॉर्मलमध्ये बदली सावकाश होते, पंख्यादिव्यांना ते चालतं. कॉम्प्युटरचा एसएमपीएस वीज नसताना पंधरा-वीस मिलिसेकंदच दम धरतो. यूपीएस मोड लावा. मात्र व्होल्टेज फार खालीवर होत असेल तर यूपीएस मोडमध्ये इन्व्हर्टर सारखा बॅटरीवर जातो. तसं असेल तर डब्ब्यापुरता छोटा यूपीएस वेगळा घ्या.

डीपी दुरुस्त झाल्यावर लाईट एका मिनिटात तीनदा येते-जाते, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. डिस्कला त्याचा फार त्रास होतो. फ्रिजला लावतात तसा दोन-तीन मिनिटं उशिरा वीज सोडणारा टाइम डिले डब्ब्याच्या आधी लावला, तर तो त्रास वाचतो.

उन्हाळ्यात दुपारीच बंद पडत असेल तर उष्णता आणि कापूस बघा. आधी आमचा डब्बा माळ्यावर होता, पत्र्याखाली. मे महिन्यात परभणीचा पारा बेचाळीसच्या वर जातो, आणि पत्र्याखाली बसवत नाही इतकं तापतं. त्यातच कापसाचे तंतू. झाकण काढलं तर प्रोसेसरच्या पंख्याखाली नमद्यासारखा थर जमला होता, बोटानं उचलला तर एकसंध निघाला. तो काढला, सुकलेली थर्मल पेस्ट बदलली आणि डब्बा खाली मधल्या खोलीत कोनाड्यात आणला. डिस्कचं तापमान पन्नास अंशांच्या आत ठेवायचा प्रयत्न करा. कापूस घरात असेपर्यंत महिन्याला एकदा ब्रश फिरवा.

जूनच्या सुरुवातीला विजा पडायला लागल्या की बाहेरच्या लांब केबलींची काळजी घ्या. गोठ्याची केबल सत्तर मीटर आहे. शंभर मीटरपर्यंत चालते, पण वीज जवळ पडली तर तिच्यातून झटका आत येतो. आमच्या नेटवर्क स्विचचं (कॅमेऱ्यांच्या केबली जोडायची पेटी) एक पोर्ट असंच गेलं. अर्थिंग नीट करून घ्या, केबलीला सर्ज प्रोटेक्टर लावा, आणि आभाळ फार गडगडत असेल तर तेवढी एक केबल काढून ठेवा. अण्णा आता ते न सांगता करतात.

कॅमेऱ्यांच्या घड्याळाचंही बघा. बऱ्याच स्वस्त कॅमेऱ्यांत वेळ टिकवायला सेल नसतो. लाईट जाऊन आली आणि नेट नसलं की चित्रावर १९७० किंवा २००० साल दिसतं. फाइल बरोबर तारखेच्या फोल्डरमध्ये असली तरी चित्रावरची वेळ चुकलेली असेल, तर पोलिसांसमोर शंकेला जागा राहते. आता तुमच्या डब्ब्याचं घड्याळ सेलवर भरवशाचं झालंय, तर त्यालाच वेळेचा सर्व्हर करा आणि चारही कॅमेऱ्यांना एनटीपीसाठी (नेटवर्कवरून वेळ घेण्यासाठी) त्याचा पत्ता द्या. नेट असो-नसो, सगळ्यांची वेळ एक राहते.

विंडोज १० ला अपडेट मिळण्याची नियमित मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आणि असल्या जुन्या मशीनवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. त्यामुळे मी पुढे डब्बा डेबियनवर, म्हणजे विंडोजऐवजी मोफत लिनक्सवर, नेला. झोनमाइंडर, फ्रिगेट अशी कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डिंगची मोफत सॉफ्टवेअर तिथे चालतात. फ्रिगेटला मात्र याहून नवा प्रोसेसर लागतो. वेळेसाठी क्रोनी बसवलं. सॉफ्टवेअर सिस्टिमडीच्या (डेबियनवर सर्व्हिस सांभाळणारा भाग) सर्व्हिसमध्ये टाकून 'पडलं तर पुन्हा उठव' असं सांगितलं. पण तिथेही सेल लागतोच. बायोस विंडोजचं नसतं, मदरबोर्डचं असतं.

विजेचं बिलही सांगून ठेवतो. मॉनिटरशिवाय हा डब्बा साधारण ७० वॅट ओढतो. दिवसाला १.६८ युनिट, महिन्याला पन्नास. नवा एनव्हीआर यापेक्षा पुष्कळ कमी खातो. सगळं नव्यानं घेणार असाल तर हा हिशेब करा. घरात मशीन पडून असेल आणि थोडं हातानं करायची तयारी असेल, तर माझ्या मते हेच बरं. डिस्क भरली तर बदलता येते, फाइल मोबाइलवर उघडता येते, आणि कॅमेरे एकाच कंपनीचे असायची सक्ती नाही.

गेल्या पावसाळ्यात तार तुटली. लाईट रात्री पावणेनऊला गेली. मी संभाजीनगरला होतो, फोन केला नाही, मुद्दाम. रेकॉर्डिंग रात्री २.३५ ला तुटलं, म्हणजे इन्व्हर्टर संपला. पुढची फाइल सकाळी १०.५४ ची, तारीख बरोबर. दुपारी अण्णांना विचारलं, लाईट किती वाजता आली? ते चष्मा लावून कॅलेंडरपाशी गेले आणि वाचून म्हणाले, "दहा पन्नास." टाइम डिलेची तीन मिनिटं आणि मशीन उठायला एक.

गोठ्याचा कॅमेरा मात्र अजून बाकीच्यांपेक्षा दोन मिनिटं उशिरा येतो. स्विच बदलून बघणार आहे.